हलकी नळी

आबा इंगवले रात्री जेवत नसत.

ॲरिझोनातल्या आमच्या चँडलरमध्ये तेव्हा कापसाची शेतं जास्त आणि घरं कमी होती. मराठी घरं तर इतकी थोडी, की कुणाच्या कुकरची शिट्टी बिघडली तरी ती बातमी व्हायची. दर शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी जेवण असायचं. आबा प्रत्येक जेवणाला यायचे, वेळेवर यायचे, पाण्याचा ग्लास घेऊन टेबलाच्या टोकाला बसायचे आणि शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत बसून राहायचे. गप्पा मारायचे, चेष्टा करायचे, कुणाच्या पानात काय संपलंय ते घरच्या बाईच्या आधी त्यांना दिसायचं. स्वतः मात्र ताट घ्यायचे नाहीत.

लोकांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे कारणं शोधली होती. कुणी म्हणे मधुमेह, कुणी म्हणे कुणा बुवाला गुरू केलाय. एका गृहस्थांनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं, की माणूस आखडू आहे, आपल्या हातचं खात नाही. परदेशात आलं की आपल्या लोकांना दुसऱ्याच्या ताटात डोकावायला फार वेळ मिळतो. माझी बायको नीला हिनं पहिल्या वेळी त्यांच्यासाठी म्हणून भरली वांगी केली होती. त्यांनी हात जोडले आणि पाणी मागितलं, तेव्हा तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. शेजारी आबांच्या पत्नी, विमलवहिनी, पोटभर जेवत होत्या. नीलाचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. चूक ह्यांची, शिक्षा ह्यांची. मी कशापायी उपाशी राहू? वाढा मला आणखी एक वांगं."

ही चूक कुठली, ते मला पुढे बऱ्याच महिन्यांनी कळलं.

आबा आणि मी एकाच कारखान्यात होतो. तिथे कॉम्प्युटरच्या चिपा बनत. मी नागपूरहून शिकायला आलो आणि नोकरीला चिकटलो; आबा माझ्याआधी दहा-बारा वर्षं आलेले. बुटके, मान आखूड, मिशा पांढऱ्या आणि डोक्यावरचे केस मात्र काळे. त्यांचं काम होतं मोडलेल्या वस्तू बघायचं. फुटलेली, जळलेली, तडा गेलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्या टेबलावर यायची आणि ती का मोडली ते त्यांनी सांगायचं. "आपोआप काही मोडत नाही, नागपूरकर," ते मला म्हणायचे. "कुणीतरी मोडलेलं असतं. त्यो माणूस शोधायचा." आणि तो माणूस सापडला की त्याच्यावर ओरडायचे नाहीत. त्याच्या टेबलावर तो तुकडा ठेवून निघून यायचे. ओरडलेलं बरं, असं लोकांना वाटायचं.

दुसरी खोड म्हणजे हातात आलेली प्रत्येक वस्तू जोखणं. कप उचलला की आधी तळहातावर तोलणार. कुणाचं तान्हं बाळ घेतलं तरी तेच. वजन सांगायचे, आणि ते बहुतेक बरोबर निघायचं. आया खूश व्हायच्या. त्यांना ठाऊक नव्हतं, की आबा त्या काळात एकाच वजनाच्या शोधात होते.

आमच्या घरांमागून एक कालवा जातो. सकाळी ऊन तापायच्या आत आम्ही त्याच्या काठानं फिरायला जायचो. एके दिवशी आबा खांद्यावर लोखंडी पाइप घेऊन आले. नळकामाचा साधा पाइप, दोन्ही टोकांना झाकणं. मी विचारलं तर म्हणाले, "आत वाळू हाय." एवढंच. थोडं चाललं की थांबायचे, पाइप खांद्याला लावून कालव्यापलीकडच्या एखाद्या खांबावर नेम धरायचे, श्वास रोखायचे, सोडायचे, पुन्हा चालू लागायचे. दुसऱ्या आठवड्यात पाइप बदलला, मग लांबी बदलली. मी पुण्याचा असतो तर चार प्रश्न विचारले असते. नागपूरचा असल्यामुळे गंमत बघत राहिलो.

ती गंमत एके सकाळी जिवावर आली. काठावरच्या रस्त्यानं पोलिसांची गाडी आली आणि आमच्या मागे थांबली. आबा नेमके तेव्हा खांबावर नेम धरून उभे होते. पोलीस दार उघडून दाराआड उभा राहिला, हात कमरेच्या पिस्तुलावर. ओरडून म्हणाला, खाली ठेव. मी तर मातीत बसलोच. आबांनी मात्र घाई केली नाही. पाइप सावकाश जमिनीवर ठेवला, हात वर केले आणि इंग्रजीत म्हणाले, "ऑफिसर, हा पाइप आहे. मी एका रायफलच्या नळीचं वजन ठरवतोय."

पोलीस पुढे आला. पाइप उचलला. आम्हाला दोघांना आळीपाळीनं बघितलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं तो स्वतःच्या खांद्याला लावला.

"पुढून जड आहे," तो म्हणाला.

"असायलाच हवा," आबा म्हणाले.

तो शिकारीच निघाला. दोघं बराच वेळ बोलत उभे होते. तो गेल्यावर मी मातीतून उठलो. मी चिडून विचारलं, "आबा, हा काय पोरखेळ आहे? एखाद्या दिवशी गोळी खाल." तेव्हा कालव्याच्या काठावर बसून त्यांनी सगळं सांगितलं.

आबांचे वडील कोल्हापूरकडच्या एका लहानशा संस्थानात हाकेकरी होते. राजेसाहेबांकडे पाहुणे शिकारीला आले, की डबे वाजवत रान उठवायचं आणि जनावर बंदुकांसमोर आणायचं, हे त्यांचं काम. एकदा एका पाहुण्यानं रानडुक्कर जखमी केलं. डुक्कर करवंदीच्या जाळीत घुसलं. पाहुणा म्हणाला, उद्या बघू, आणि तंबूत जेवायला गेला. जखमी डुक्कर वस्तीजवळ तसंच कसं सोडायचं? म्हणून आबांचे चुलते भाला घेऊन जाळीत शिरले. डुकरानं त्यांना मांडीपासून पोटापर्यंत फाडलं. त्यांना बाजेवर घालून तंबूसमोरून नेलं, तेव्हा आत मटणाचा रस्सा वाढत होते. आबा तेव्हा लहान होते, वडिलांचा हात धरून त्या बाजेमागून चालत होते, आणि त्या रश्श्याचा वास त्यांना अजून येत होता. त्या दिवसापासून वडिलांनी घरात एक नियम घातला. ज्यानं जनावर जखमी केलं, त्यानं ते हाती लागेपर्यंत रात्रीचं जेवायचं नाही. मग तो कुणी असो.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी इथं येऊन साहेब झालो," आबा म्हणाले.

फिनिक्सच्या उत्तरेला डोंगरांची एक लांबलचक कड आहे. तिच्यावर पाइनचं जंगल आणि जंगलात एल्क. आपल्या सांबराचा थोरला भाऊच म्हणायचा. आबा त्याला सांबरच म्हणत. इथे शिकारीला सरकारी परवाना लागतो आणि एल्कचा परवाना सोडतीत निघतो. नाव येईपर्यंत वर्षं जातात. आबांचं नाव एकदा आलं होतं. शिकारीच्या शेवटच्या संध्याकाळी त्यांना एक नर दिसला. ते चढावरून पळत गेले. छाती फुटायला आलेली, अंधार पडत आलेला, हातात जुनी तीस कॅलिबरची रायफल. "वाटलं, आता सोडला तर गेला," आबा म्हणाले. "श्वास बसेतोवर थांबायला पायजे होतं. न्हाई थांबलो. नळी नाचत हुती तरी घोडा ओढला. पोटात लागली त्याला, मागं."

रात्री बर्फ पडला आणि रक्ताचा माग पुसला गेला. रजा आणि शिधा संपेपर्यंत आबा ते रान धुंडत राहिले. सांबर मिळालं नाही.

"इथं त्यानं कुणाला फाडलं नसणार," ते कालव्याच्या पाण्याकडे बघत म्हणाले. "नुसतं चालत राहिलं असंल. पोटात लागल्यालं जनावर लई चालतं, नागपूरकर."

घरी आल्यावर वहिनींनी ताट वाढलं. आबा पाटावरून उठले ते उठलेच. आता सांबर सापडण्याची आशा नव्हती, म्हणून त्यांनी नियमाला स्वतःच तोड काढली: पुन्हा परवाना निघेल तेव्हा एका गोळीत, जागच्या जागी एक नर पाडायचा. तो पडला की रात्रीचं जेवायचं. तोवर नाही.

मला तेव्हा हे सगळं वेडेपणाचं वाटलं, आणि तसं मी बोललोही. एका जनावरासाठी माणसानं वर्षानुवर्षं रात्रीचं उपाशी राहायचं? आबा हसले. "तुमच्यात शिकार न्हाई. तुम्हाला माफ हाय."

त्यांनी आपल्या चुकीची तपासणी कारखान्यातल्या फुटक्या चिपेसारखी केली होती. दोष कुणाचा? त्यांचं उत्तर असं, की दोन हिस्से माणसाचा, एक हिस्सा बंदुकीचा. माणसाला उपास लावला होता. आता बंदूक नवी करून घ्यायची होती. हलकी गोळी आडवी-तिडवी जाते, म्हणून गोळी जड हवी. जड गोळीला भोक मोठं हवं. म्हणून मधल्या मापाची, पस्तीस कॅलिबरची नळी. लांब गोळी सरळ जायला आतल्या खाचांना पीळ जास्त हवा. हे सगळं त्यांचं पक्कं ठरलेलं होतं. अडलं होतं ते नळीच्या जाडीवर. ते त्यांनी आमच्याच स्वयंपाकघरात समजावून सांगितलं. नीलाच्या एका हातात बत्ता दिला, दुसऱ्या हातात उलथणं. तिला अंगणाला फेरी मारून पळत यायला लावलं आणि दोन्ही हात पुढे धरायला सांगितले. "बगा आता. नाचतंय कोण?"

उलथणं थरथरत होतं. बत्ता जवळजवळ स्थिर होता.

"दम लागल्याला माणूस, वर हलकी नळी," आबा म्हणाले, "म्हंजे पोटात लागल्यालं सांबर." मग बत्ता तोलून जागेवर ठेवला आणि चहा मागितला. त्या दिवसापासून नीलानं त्यांना जेवायचा आग्रह करणं सोडलं.

तर नळी जड, हे ठरलं. पाइपही तेवढा जड झाला. आणि त्याच उन्हाळ्यात कारखान्याच्या पार्किंगमध्ये आबा छाती धरून खाली बसले.

फिनिक्सच्या हॉस्पिटलात त्यांची छाती उघडून ऑपरेशन केलं. घरी आल्यावर उशी छातीशी धरून खुर्चीत बसायचे. डॉक्टरांनी सांगितलं, उंचावर जायचं नाही, चढायचं नाही, वजन उचलायचं नाही. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि चालता यायला लागल्यावर पहिलं काम केलं ते गॅरेजमधून पाइप बाहेर काढायचं. आणि रात्रीचं जेवण? ते तर हॉस्पिटलातसुद्धा घेतलं नव्हतं; नर्सला भूक नाही म्हणून सांगायचे. वहिनी म्हणाल्या, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. ह्यांची तर छाती कापली."

मग त्या दोघांचं एक मुकं युद्ध सुरू झालं. एका सकाळी आबांनी पाइप उचलला तर तो हलका लागला. वहिनींनी झाकण उघडून वाळू काढून मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या कुंडीत ओतली होती. आबांनी पुन्हा वाळू भरली. वहिनींनी पुन्हा ओतली. कुंडी भरली, तेव्हा त्या तुळशीकडे वळल्या. हे किती आठवडे चाललं देव जाणे. एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर नाही. आम्ही हसायचो, पण वहिनींना एकदा त्या कुंडीसमोर उकिडव्या बसून डोळे पुसताना बघितलं आणि माझं हसू गेलं.

दोन वर्षांनी सोडतीत आबांचं नाव पुन्हा आलं.

वहिनी माझ्याकडे आल्या. "त्यांना थांबवा," त्या म्हणाल्या. मी गेलो, बोललो, डॉक्टरांची आठवण दिली. आबा म्हणाले, "पुन्हा नाव येईतोवर मी असंन का?" शेवटी मी म्हणालो, "मग मी येतो. चढावर रायफल मी उचलतो, नेम धरायच्या वेळी तुम्हाला देतो. तुम्ही हवी तेवढी जड घ्या."

आबा माझ्याकडे बघत राहिले. त्या बोलण्याचा त्यांना राग आला नाही, त्याहून वाईट काहीतरी झालं. "आपली बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर देणारी माणसं मी बघितल्यात," ते म्हणाले. "माझा बाप त्यांच्यापुढं डबं वाजवायचा."

तेव्हा वहिनींनी अट घातली. जा, पण नागपूरकरांना बरोबर न्या, आणि रायफल हलकी घ्या. नळी मी निवडणार.

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात अर्ल नावाचा म्हातारा मागणीप्रमाणे रायफली बनवून द्यायचा. आम्ही तिघं त्याच्याकडे गेलो. दुकानाला तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास होता. वहिनी साडीवर स्वेटर घालून त्या बंदुकांमध्ये उभ्या होत्या, देवळात चपला घालून आल्यासारख्या अवघडलेल्या. अर्लनं आबांचं सगळं म्हणणं ऐकलं. कॅलिबरला मान हलवली, पिळाला मान हलवली. मग दोन कोऱ्या नळ्या आणून फळीवर ठेवल्या. एक जाड आणि लांब, दुसरी बारीक आणि आखूड.

"हलकी हवी की स्थिर?" तो म्हणाला. "दोन्ही एकात नाही मिळायचं."

आबांनी जाड नळी उचलली. खांद्याला लावायचं कारण नव्हतं, नुसती हातावर तोलली. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी आधी कधी बघितलं नव्हतं. कालव्याच्या काठावर एवढी वर्षं जे वजन शोधलं, ते हेच होतं. मग ती खाली ठेवून त्यांनी बारीक नळी घेतली, तोलली आणि परत ठेवली. इकडे आड आणि तिकडे विहीर. दम लागणाऱ्या माणसाला जड नळीच हवी, आणि ती उचलण्याएवढा दम त्यांच्यात उरला नव्हता.

वहिनींनी पुढे होऊन बारीक नळीवर हात ठेवला. मराठीतच म्हणाल्या, "लग्नापासून मी तुम्हाला काही मागितलं नाही. हे एवढं द्या."

अर्लला शब्द कळला नसेल, पण तो दुसरीकडे बघू लागला.

आबांनी वहिनींच्या हाताकडे बघितलं. मग अर्लला इंग्रजीत म्हणाले, "ही. बावीस इंच. पीळ मी सांगितला तोच." आणि बाहेर जाऊन गाडीत बसले. परतीच्या वाटेवर वहिनी खिडकीबाहेर बघत गुणगुणत होत्या. आबा तळहात मांडीवर उताणा ठेवून बसले होते.

थंडीच्या तोंडाला आम्ही डोंगराच्या त्या कडेवर गेलो. पाइनच्या रानात तंबू ठोकला. नवी रायफल देखणी होती. मलासुद्धा सहज उचलता आली. आबा दिवसा थोडं चालायचे, पुष्कळ बसायचे. दुपारी मी बनवलेली जाडीभरडी खिचडी खायचे आणि रात्री शेकोटीशी पाण्याचा ग्लास घेऊन बसायचे. चढावर त्यांच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची. मी मागून ती शिट्टी ऐकत चालायचो आणि मनात म्हणायचो, देवा, ते सांबर दिसूच नये. आणि लगेच म्हणायचो, दिसावं.

तिसऱ्या सकाळी ते दिसलं. आम्ही एक छोटा चढ चढून वर आलो होतो. समोर गवताचा मोकळा तुकडा, त्याच्या पलीकडच्या काठाला नर उभा, आडवा, शिंगं झाडाच्या फांद्यांइतकी. तोंडातून वाफ निघत होती. त्यानं आम्हाला बघितलं नव्हतं. आबा एका गुडघ्यावर बसले, रायफल खांद्याला लावली.

मी मागे होतो. मला सांबर नीट दिसत होतं, पण मी बघत होतो नळीकडे. तिचं टोक वर-खाली, डावी-उजवीकडे फिरत होतं. आबांनी श्वास रोखला, तो टिकला नाही, पुन्हा रोखला. कोपर मांडीवर टेकलं. टोक थोडं शांत झालं आणि छातीतल्या शिट्टीबरोबर पुन्हा नाचायला लागलं. सांबर तसंच उभं. मला वाटलं, मारा आता, लागेल कुठेतरी. आणि त्या 'कुठेतरी'ची मला लगेच भीती वाटली.

आबांनी रायफल खाली केली. बोल्ट ओढून गोळी बाहेर काढली आणि मुठीत धरली. सांबरानं मान वळवली, आम्हाला बघितलं आणि घाई न करता झाडांत निघून गेलं. आबा त्याच गुडघ्यावर बसून राहिले. खांदे हलत होते. मला वाटलं, दम लागलाय. जवळ गेल्यावर कळलं, की ते रडत होते. एवढ्या वर्षांत बघितलेलं त्यांचं ते एकच रडणं.

"जड असती तर थांबली असती," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "जड असती तर हितवर आलोच नसतो. तिचंबी खरं हाय."

उतरताना त्यांनी मला बजावलं, "घरी सांगायचं, सांबर दिसलंच न्हाई."

"पुढच्या वेळी दिसेल की, आबा."

"पुढची येळ न्हाई," ते म्हणाले.

दारात वहिनी उभ्या होत्या. नवरा चालत आला, एवढंच त्यांना दिसलं. "दिसलंच नाही गं," आबा म्हणाले, आणि त्या म्हणाल्या, "न दिसू दे. पुढच्या खेपेला दिसेल." त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी चहा न घेता घरी आलो.

पुढच्या वर्षी उन्हाळा सुरू व्हायच्या आत आबा गेले. दुपारी खुर्चीत डोळा लागला तो लागलाच. मी तेव्हा कामासाठी दुसऱ्या राज्यात होतो, मला त्यांचं शेवटचं दर्शन मिळालं नाही. म्हणून माझ्यापुरते आबा संपतात ते त्याआधीच्या संक्रांतीच्या रात्री, त्यांच्याच घरी.

दहा-पंधरा माणसं जमली होती. तिळगूळ झाला, पानं वाढायची वेळ झाली. वहिनी आमटी वाढत होत्या. आबा नेहमीप्रमाणे टेबलाच्या टोकाला पाण्याचा ग्लास घेऊन बसले होते. त्यांनी ग्लास बाजूला सरकवला.

"मलाबी वाढ," ते म्हणाले.

आणि मग जो गलका झाला तो विचारू नका. कुणी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, आबांचा उपास सुटला. आखडू म्हणणारे ते गृहस्थ तर स्वतः उठून पोळ्या आणायला धावले. मला मात्र ते ताट बघवेना. इतकी वर्षं आम्ही सगळे ज्या ताटाची वाट बघत होतो, ते हे नव्हतं. वहिनी पळी हातात धरून उभ्या होत्या. मग त्यांनी वाढलं, सगळं थोडं थोडं वाढलं आणि आत गेल्या. मी भांडं ठेवायचं निमित्त करून मागे गेलो.

त्या ओट्याला धरून उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सांबर दिसलं होतं ना?"

मी हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं.

"दिसलं नसतं तर हे अजून उपाशी राहिले असते. पुढच्या परवान्याची वाट बघितली असती." त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ विचारावं तसा. "नळी हलकी पडली."

"वहिनी, जड असती तर ते परत आले नसते," मी म्हणालो. ते खरं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

वहिनी बाहेर गेल्या. आबा मान खाली घालून जेवत होते, पोळीचा तुकडा, आमटी, भाजी, पुन्हा पोळी. नेमून दिलेलं काम उरकावं तसे. बाकीचे हसत-बोलत होते, त्यांच्याकडे कौतुकानं बघत होते. वहिनी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या, वाकल्या आणि त्यांनी ताटाची कड धरली.

"अवो, उठा," त्या हळूच म्हणाल्या. "नका जेवू."

आबांनी दुसऱ्या बाजूनं ताट धरून ठेवलं. त्यांनी वर मान करून वहिनींकडे बघितलं. मी तो चेहरा अजून विसरलेलो नाही. त्यात राग नव्हता, दुःखही फारसं नव्हतं, नुसता थकवा होता आणि पुष्कळ माया होती.

"जेवू दे गं," ते म्हणाले. "लई भूक लागलीया."

वहिनींनी ताट सोडलं आणि भात आणायला आत गेल्या.